१४४१६, सरकारी ओपीडी आणि धारवाड: बहिणीच्या उपचाराचा खर्च आम्हाला कसा परवडला

रेटिंग आधीच देऊन टाकतो. टेली-मानसला, म्हणजे १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला, पाचपैकी साडेचार, सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीला चार, आणि सगळ्यात आधी ज्या खाजगी काउन्सेलिंग सेंटरला गेलो होतो त्याला दीड, त्याचं नाव लिहीत नाही. आता कारणं सांगतो, जरा लांबण लागेल, पण ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचं पोर गप्प गप्प झालंय आणि महिनाअखेरीला खिशात काय उरत नाही त्यांना "चांगली सर्व्हिस आहे, जाऊन या" एवढं सांगून काय उपयोग.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. मी बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर आहे, अप्पांची थोडी भातशेती आणि ऊस, आई घरात. धाकटी बहीण सेकंड पीयूसी म्हणजे बारावी सायन्सला, नीटची तयारी चाललेली. पावसाळ्यापासून तिची झोप उडाली, पहाटे तीनला उठून बसायची, जेवण दोन घास, आणि बसमध्ये चढली की छाती धडधडायची, हात गार पडायचे, श्वास अडकल्यासारखा व्हायचा, मग बस नको, मग कॉलेजच नको. आज्जी म्हणाली पोरीला बाहेरचं काय तरी झालंय, कौल लावून बघूया की. आईनं देवाचं केलं, त्यात मला काय वावगं वाटत नाही, पण त्याच आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडंही नेलं. त्यांनी ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं बघितलं, सगळं नॉर्मल, आणि सरळ सांगितलं की हे मनाचं दुखणं आहे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, उगाच हार्टच्या टेस्ट करत फिरू नका. त्या डॉक्टरांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

मग ओळखीतून बेळगावातलं एक खाजगी सेंटर कळलं. एसी, सोफा, भिंतीवर सर्टिफिकेटं. पहिल्या सेशनचे हजाराच्या वर घेतले आणि बाहेर पडताना काउंटरवर सांगितलं की दहा सेशनचं पॅकेज आत्ताच भरलं तर डिस्काउंट आहे. आठवड्याला एक धरलं तर महिन्याचे चार-पाच हजार, त्यात माझी शिफ्ट बुडणार ती वेगळीच. मी विचारलं की मॅडमचं शिक्षण काय, आरसीआयचं रजिस्ट्रेशन आहे का, तर काउंटरवरच्या बाईंना राग आला. हे विचारण्यात काय चूक आहे मला अजून कळलं नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, तो एमबीबीएस करून पुढं शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळा, तो बोलून थेरपी देतो आणि त्याचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या म्हणजे आरसीआयच्या रजिस्टरवर असायला लागतं. पण नुसता "काउन्सेलर" अशी पाटी थोड्या दिवसांचा कोर्स करूनही लावता येते, म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा, आणि जे चांगले असतात ते स्वतःहून सांगतात. खाजगीवाले सगळे वाईट असं माझं म्हणणं नाही, चांगल्या सायकॉलॉजिस्टनं वर्षानुवर्षं शिकलेलं असतं, त्यांना पण जागेचं भाडं आहे. पण पगारावर चालणाऱ्या घराला दर आठवड्याला ते झेपत नाही, हे खरं आहे.

आणि आता या सगळ्यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. त्या सेंटरवरून घरी आल्यावर बहीण म्हणाली, मला आता बरं वाटतंय, परत नको जायला. आई खूश झाली. मला पटेना कारण त्या रात्रीही ती तीनला जागीच होती. दुसऱ्या दिवशी विचारलं तर रडायला लागली, म्हणाली "माझ्यावर किती पैसे घालवूलालास दादा?" म्हणजे पोरीनं आमच्या खिशाकडं बघून स्वतःला बरं करून टाकलं होतं. हे फक्त आमच्या घरात होत असेल असं मला वाटत नाही. या वयातल्या पोरांना घरची परिस्थिती बरोबर कळते, ऊसाचं बिल कधी येणार आहे, सोसायटीचं कर्ज किती आहे, सगळं. त्यामुळं उपचाराला पैसे लागायला लागले की ती खोटं सांगतात, बरं वाटतंय म्हणतात, आणि डॉक्टरला खरं काय ते कळतच नाही. म्हणून माझ्या लेखी परवडणारा उपचार म्हणजे पहिली भेट स्वस्त असलेला नव्हे, ती कुणी पण उसनेपासने करून भागवतो. आठवी भेट, बारावी भेट परवडली पाहिजे, आणि पोराला त्या भेटीची लाज वाटता कामा नये.

१४४१६ हा नंबर मला शॉपमधल्या एका आयटीआयच्या पोरानं दिला. मी कुठली तरी संस्था असेल समजत होतो, तर हे केंद्र सरकारचं टेली-मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेलं, बेंगळुरूच्या निम्हान्स या केंद्राच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या देखरेखीखाली चालतं. फोन फुकट, चोवीस तास चालू, वीस भाषांत, त्यात मराठी आहे. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हा दुसरा नंबर, तोही टोल फ्री. सुरुवातीला भाषा निवडायची असते, तिथं घाई करू नका, नीट ऐकून बटण दाबा. आमच्या भागात हे महत्त्वाचं, कारण बाजारात, बसमध्ये, बँकेत आपण कन्नड-मराठी मिसळून बोलतोच, काय अडत नाही, पण रात्री छातीत काय होतं, कशाची भीती वाटते, मरावंसं वाटतं का, हे बोलायला घरात बोलतो तीच भाषा लागते. बहीण त्या खाजगी सेंटरमध्ये इंग्रजी-हिंदीत हो-नाही एवढंच बोलली होती. फोनवर मराठीत पाऊण तास बोलली. मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो, आत गेलो नाही, आणि कुणीच जाऊ नये, फोन पोराच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

फोनच्या पलीकडच्या ताईंनी वय, जिल्हा विचारला, झोप-जेवण विचारलं, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का हेही सरळ विचारलं. आईला हे नंतर कळल्यावर ती घाबरली, असं विचारल्यावर पोरीच्या डोक्यात नसलेलं येईल म्हणून. तसं होत नाही. विचारल्यामुळं विचार पेरला जात नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं व्हायला होतं, हे पुढं डॉक्टरांनीही आईला समजावून सांगितलं. मग त्या ताईंनी श्वासाचा एक साधा व्यायाम शिकवला, बसमध्ये धडधडायला लागलं तर काय करायचं ते सांगितलं, आणि सांगितलं की फोनवर भागण्यासारखं नाही, प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा, जवळ कुठं जायचं तेही सांगितलं. टेली-मानसची रचनाच अशी आहे, आधी काउन्सेलर, गरज पडली तर फोनवरच मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यापुढं जिल्ह्यातला सरकारी दवाखाना. ऑक्टोबर २०२४ पासून ॲप आणि व्हिडिओ कन्सल्टेशन पण आलंय, पहिल्या राज्यांत आपलं कर्नाटक होतं.

अर्धा स्टार का कापला? कारण ही हेल्पलाईन आहे, दर आठवड्याला त्याच माणसाबरोबर बसून करायची थेरपी नव्हे, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायचा कंटाळा येतो. एवढंच. बाकी रात्री दोनला माणसाचा आवाज ऐकायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तीही बिलाशिवाय. सेकंड शिफ्ट करून खोलीवर एकटी राहणारी जी पोरं आहेत, गावाकडून आलेली, वीस-बावीस वयाची, त्यांना तर दुसरा कुठला दवाखाना त्या वेळेला उघडा मिळणारच नाही.

पुढं सरकारी ओपीडी. अप्पा आधी तयार नव्हते, "येड्यांच्या दवाखान्यात न्यायचं काय पोरीला" असं म्हणाले. मी भांडलो नाही. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं होतं त्यात १३ ते १७ वयातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार दिसला, ते त्यांना सांगितलं, म्हणजे शंभर पोरांच्या शाळेत सातजण. अप्पा बराच वेळ गप्प बसले, मग आमच्याच गल्लीतल्या दोन-तीन पोरांची नावं घेतली, त्यातला एक आता नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः बरोबर आले.

खर्चाचं बोलायचं तर नाममात्र पैशांची चिठ्ठी, डॉक्टरांची फी नाही, गोळ्या तिथल्याच औषध खिडकीवर फुकट. एकदा गोळी संपलेली होती तर जनऔषधी केंद्रातून घेतली, ब्रँडच्या गोळीपेक्षा बरीच स्वस्त पडली. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणी वाचून मेडिकलमधून आणून घेईल. प्रवासाचा खर्च मला सगळ्यात जास्त वाटत होता, कारण महिन्यातून दोनदा तिघांनी जायचं म्हणजे तिकिटाचेच पैसे होतात, पण जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये फुकट आहे, त्यामुळं आई आणि बहीण आधार कार्ड दाखवून जातात, तिकीट फक्त माझं किंवा अप्पांचं. आरोग्य खात्याची नसलेली योजना आमच्या उपचाराला अशी कामाला आली. निपाणी-चिकोडीकडची जी मंडळी कोल्हापूर-मिरजेला जातात त्यांनी हे लक्षात घ्या, शक्तीचा फुकट प्रवास कर्नाटकाच्या आतल्या प्रवासासाठी आहे.

डॉक्टर कन्नड होते पण मराठी बऱ्यापैकी बोलत होते, अडलं तिथं नर्सबाईंनी सांगितलं. आधी आमच्यासमोर बोलले, मग आम्हाला बाहेर पाठवून बहिणीशी एकटीशी बोलले. अठराच्या खालच्या पोराच्या उपचारात आई-वडील असावेच लागतात, तरी तिचं म्हणून वेगळं ऐकून घेतलं हे मला फार आवडलं. अप्पांनी विचारलं गोळ्या किती दिवस, सवय लागेल का. डॉक्टर म्हणाले, "काका, टीबीची गोळी बरं वाटलं म्हणून मधेच सोडता का? तसंच हे, मी सांगेपर्यंत सोडायची नाही." गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यांत पोरांकडं जास्त लक्ष ठेवायला लागतं, चिडचिड वाढली किंवा काही विचित्र बोलायला लागली तर तारखेची वाट न बघता आणा, असं बजावून सांगितलं. गोळ्यांचा डबा आईकडं ठेवायला सांगितला. हे सगळं नाममात्र चिठ्ठीत.

वाईट काय ते पण लिहितो. सकाळचीच ओपीडी, आणि नंबर लागेपर्यंत दुपार. म्हणजे माझी शिफ्ट नाहीतर अप्पांचं रान, एक काहीतरी बुडतंच, आणि बहिणीचं कॉलेज तर बुडतंच बुडतं. सरकारी उपचार फुकट म्हणतात तेव्हा हा रोजगार कुणी धरत नाही. बसायची जागा सगळ्यांची एकच, त्यामुळं गावाकडचं कोण ना कोण भेटतं आणि "काय ओ, इकडं कसं" विचारतं, बहिणीनं पहिल्या वेळी ओढणी तोंडावरून काढलीच नाही. डॉक्टरांना एका पेशंटला वेळ थोडा मिळतो, बाहेर लाईन बघितली की त्यांना तरी काय म्हणणार. आणि आम्ही गेलो तिथं थेरपी देणारा सायकॉलॉजिस्ट रोज नव्हता. एक स्टार तिथं गेला.

थेरपीसाठी डॉक्टरांनी धारवाडला डिमहान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत पाठवलं. आमच्याकडं धारवाडचं नाव काढलं की लोकांचे चेहरे बदलतात, ब्रिटिशांच्या काळापासूनचा तो दवाखाना, पण आज ती शिकवणारी संस्था आहे, मानसशास्त्रात पुढचं शिक्षण घेणारी मुलं-मुली तिथं सिनियरच्या देखरेखीखाली पेशंटबरोबर बसतात, आणि बसतात म्हणजे नीट वेळ देऊन बसतात. बहिणीला जी मिळाली ती तिच्यापेक्षा थोडीच मोठी होती, त्याचा फायदाच झाला. भीतीच्या गोष्टींची यादी करून लहान गोष्टीपासून सुरुवात करायची, आधी स्टँडपर्यंत जाऊन यायचं, मग एक स्टॉप, मग पुढं, असा अभ्यास दिला होता. खानापूरवाल्यांना धारवाड रेल्वेनं पण सोयीचं आहे, लोंढा-अळणावर मार्गे, आणि बहिणीला बसची भीती असताना आम्ही सुरुवातीला रेल्वेनंच गेलो.

जवळचं पण काही आहे ते सांगतो, कारण सगळ्यांना धारवाड जमणार नाही. कर्नाटकात मनोचैतन्य म्हणून कार्यक्रम आहे, ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येतात, तुमच्या तालुक्याचा मंगळवार कुठला ते दवाखान्यात नाहीतर आशाताईंना विचारा. १९९६ चा राष्ट्रीय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीत निम्हान्सनं केलेल्या प्रयोगावरून उभा राहिला, त्यामुळं खेड्यात उपचार नेण्याचं काम या राज्याला नवीन नाही. १० ते १९ वयाच्या पोरांसाठी सरकारी दवाखान्यांत स्नेह क्लिनिक असतं, सीमेपलीकडं महाराष्ट्रात त्यालाच मैत्री क्लिनिक म्हणतात. जिल्हा स्टेडियममध्ये निम्हान्स आणि युवा खात्याचं युवा स्पंदन केंद्र असतं, तिथं गोळ्या नाहीत, पण अभ्यास, घरातली भांडणं, प्रेमप्रकरण असल्या गोष्टींवर फुकट मार्गदर्शन. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि ईएसआय म्हणजे कामगार विमा कापला जातो त्यांनी आपलं कार्ड वापरा, ते फक्त हात कापला तर वापरायचं नसतं. इन्शुरन्सचं विचाराल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कंपन्यांना मानसिक आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला लावलंय, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाहीत आणि पोरांचा उपचार तर सगळा ओपीडीतच चालतो, म्हणून त्यावर विसंबून राहू नका.

कॉलेजला पण विचारा. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित काउन्सेलर असायला पाहिजे. मी बहिणीच्या कॉलेजात अर्ज लिहून दिला, उत्तर अजून नाही, पण तिच्या वर्गाच्या सरांनी दवाखान्याच्या तारखांना हजेरीचं सांभाळून घेतलं आणि वर्गात कुणाला कळू दिलं नाही.

आता ती कॉलेजला जाते, बसनं. सगळं छान झालं असं म्हणणार नाही, परीक्षा जवळ आली की झोप बिघडते, गोळी चालू आहे, नीट पुढच्या वर्षी बघूया असं घरात ठरलंय आणि ते अप्पांनीच ठरवलं. मधे एकदा थेरपीवाल्या मॅडमना तिनं सांगितलं की हा आठवडा वाईट गेला, दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. पैसे लागत असते तर तिनं सांगितलं नसतं.

कुणाच्या पोरानं जिवाचं काही बोलून दाखवलं तर तारीख, नंबर काय बघू नका, त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावा नाहीतर ११२ लावा आणि सरळ जवळच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या. तिथं पोलिसांची भीती बाळगू नका, २०१७ चा कायदा अशा माणसाला प्रचंड ताणाखाली होता असं धरून चालतो, गुन्हेगार धरत नाही.

आणि आरोग्य खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर एक मागणी आहे. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी दुपारनंतर म्हणा किंवा संध्याकाळी सहापर्यंत, तालुक्याच्या दवाखान्यात फक्त या वयाच्या पोरांसाठी ओपीडी ठेवा, बसायला वेगळी खोली द्या आणि मराठी-कन्नड दोन्ही येणारा एक सायकॉलॉजिस्ट तिथं कायमचा नेमा. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, बस फुकट आहे, फक्त कॉलेज आणि शिफ्ट सुटायच्या आत खिडकी बंद होते.